डावा पंख

१

रबराला पीळ भरायला दोन माणसं लागतात. पुस्तकात तसं लिहिलेलंच असतं, पण एकट्या माणसाला वाटतं की आपलं भागेल. भागत नाही.

विमान म्हणजे खेळण्यातलं, तीस इंची. बाल्सा नावाचं परदेशी लाकूड मिळतं, आपल्या भेंडासारखं हलकं. त्याच्या काड्यांचा सांगाडा करायचा, त्यावर पतंगाच्या कागदाहून तलम कागद चिकटवायचा, पाणी शिंपडून तो ताणला जाऊ द्यायचा आणि वर रोगण मारायचं. त्या रोगणाला पिकल्या केळ्यांचा वास येतो. पोटात नाकापासून शेपटापर्यंत रबराच्या पट्ट्यांचा जुडगा असतो. त्यात पीळ भरायचा; तो उलगडताना नाकावरचं भिरभिरं फिरतं आणि विमान उडतं.

पीळ भरताना एकानं शेपटाकडून सांगाडा धरायचा. दुसऱ्यानं नाकातून रबराचं टोक बाहेर काढून हातड्रिलच्या आकड्यात अडकवायचं, तिप्पट लांब ओढायचं आणि मूठ फिरवत हळूहळू पुढे यायचं. एकशे साठ फेरे. धरणाऱ्याचं काम सोपं वाटतं, पण तसं नाही. घट्ट धरलं तर काड्या मोडतात, सैल धरलं तर सगळं सुटून ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं. माझी प्रतिमा नवव्या वर्षापासून हे काम करत होती. ऐंशी फेऱ्यांनंतर ताण वाढला की ती मागच्या टाचेवर किंचित झुकायची आणि तो झोक रबरातून माझ्या हाताला कळायचा. फेरेही तीच मोजायची, मोठ्यानं.

मी गोविंदराव. बडोदे सरकारच्या बांधकाम खात्यात नकाशे काढतो. लहरीपुऱ्याच्या मागच्या बाजूला एका माडीवर आमचं बिऱ्हाड. बायको अहल्या आणि एकुलती एक प्रतिमा. मुलगा नाही म्हणून पोरीला विमानं उडवायला लावतो, असं गल्लीत बोललं जायचं. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? मुलगा असता तरी त्याचा हात तिच्याइतका हलका निघाला नसता.

एक नियम मात्र मी तिला शिकवला होता, आणि तो चांगला कडक शिकवला होता. एक पंख जड झाला तर दुसऱ्याला वजन चिकटवून तोल साधता येतो. पण ते काम फसवं. आधी जड पंख उघडायचा, का जड झाला ते बघायचं, मग पुढचं. ती दहा वर्षांची असताना तिनं एकदा टोकाला मेण लावून माझ्यापासून चूक लपवली. मी तिच्यादेखत पंख फाडला. ती रडली नाही. त्यानंतर प्रत्येक पंख पुरा झाला की तो माझ्यापुढे आणून ठेवायची आणि म्हणायची, "आबा, तोला."

२

वैशाखात तिचं लग्न झालं. नदीपलीकडे अकोट्याला दत्ताजीरावांचा शेताच्या कडेला दुमजली बंगला आहे. ते दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, घोडा-गाडी बाळगणारे. त्यांच्या मुलासाठी, उदयसिंहरावांसाठी, त्यांनीच मागणी घातली. आमच्यासारख्या नकाशे काढणाऱ्याकडे असं स्थळ चालून येत नाही. मी हुरळलो, हे आता कबूल करायला लाज वाटते.

त्यांच्याकडे पडदा. सून माडीवरून खाली उतरायची नाही, खिडकीत उभी राहायची नाही. अहल्यानं याद्यांच्या वेळी कुरकुर केली तेव्हा मी म्हणालो, "मोठ्या घरांत असतंच. सवय होईल." लग्नात आमच्या पाहुण्यांची पंगत त्यांनी मागच्या अंगणात बसवली, तेव्हा मात्र मला ते झोंबलं. मी मनाशी ठरवून टाकलं की बोलावल्याखेरीज त्या घराची पायरी चढायची नाही.

दिवाळसणाला ती चार दिवस आली. बरोबर तिच्या सासरची एक म्हातारी बाई होती, ती सारखी दाराशी बसलेली. प्रतिमा वाळली होती. मी विचारलं, "जेवत नाहीस का गं?" ती म्हणाली, "जेवते ना." लग्नाआधी आम्ही दोघांनी सुरू केलेलं विमान फळीवर अर्धवट पडलं होतं. उजवा पंख झाला होता, डावा नुसता सांगाडा. पाडव्याच्या दुपारी तिनं तो मागून घेतला आणि आतल्या खोलीत बसून त्यावर एकटीनं गडद लाल कागद चढवला. रोगणाचा वास घरभर सुटला. म्हातारीनं नाकाला पदर लावला.

संध्याकाळी प्रतिमानं पंख माझ्यापुढे ठेवला. "आबा, तोला."

तेवढ्यात खाली गाडी थांबली. उदयसिंहराव एक दिवस आधीच न्यायला आले होते. जावई पहिल्यांदाच माडी चढत होते. मी पंख उचलून कपाटावर ठेवला आणि अंगरखा घालायला धावलो. रात्री त्यांची सरबराई चालली होती. सकाळी ती निघाली तेव्हा उंबऱ्यापाशी थांबली आणि तिनं कपाटाकडे पाहिलं.

"आबा, तोललात ना?"

मी म्हणालो, "हो. छान झालाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण गाडीवाल्यानं दोनदा हाक मारली एवढा वेळ. मग वाकून माझ्या पाया पडली आणि जिना उतरून गेली.

मी तोललं नव्हतं. इतक्या लहानशा गोष्टीसाठी माणूस खोटं का बोलतो, हे मला आजही सांगता येत नाही.

३

संक्रांतीला अहल्यानं हलव्याचे दागिने केले. पहिली संक्रांत, काळी चंद्रकळा घेऊन ठेवली होती. अकोट्याहून चिठ्ठी आली, दत्ताजीरावांच्या वळणदार अक्षरात: "सूनबाईंची प्रकृती ठीक. सध्या पाठवण्याचे कारण दिसत नाही." दागिने डब्यातच राहिले. पुढे त्यांना मुंग्या लागल्या.

माघात दुसरी चिठ्ठी आली. शब्द तेच.

"अहो, तुम्ही जाऊन घेऊन या," अहल्या म्हणाली.

"बोलावणं नाही."

"लेकीला बघायला बापाला बोलावणं लागतं का?"

"मुलीच्या सासरी आगंतुक गेलं तर तिलाच ऐकून घ्यावं लागतं. तुला कळत नाही."

तिला सगळं कळत होतं. मला पंगत आठवत होती. मी फळीपुढे जाऊन बसलो आणि कपाटावरचा पंख खाली काढला. एवढ्या घुश्शात मी विमान पुरं करायला घेतलं.

पंख जोडले, मध्ये दोऱ्यानं टांगून पाहिलं, तर डावी बाजू धाडकन खाली गेली. बोट लावून बघितलं. टोकाकडच्या तीन फासळ्यांवर तिनं कागद दुहेरी चढवला होता, म्हणून तो जड. असं काम तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. पण वरचा कागद इतका सरस बसला होता, कुठे सुरकुती नाही, बुडबुडा नाही. तिच्या हातचं तेवढंच आता घरात होतं. तो फाडायला माझा हात धजेना.

चहाच्या पेटीतला शिशाचा पत्रा कातरला आणि उजव्या टोकाला चिकटवला. तोल साधला. मन म्हणालं, हेच पोरीनं केलं असतं तर? मी मनाला गप्प केलं.

४

नदीच्या अलीकडे मोकळं रान आहे. रविवारी सकाळी तिथे गेलो. थोडा पीळ बोटानंच भरून उत्तरेकडे तोंड करून विमान सोडलं. ते डावीकडे वळलं आणि काठाच्या बाभळींपाशी उतरलं. साहजिक आहे, म्हटलं. डावा जड, शिसं कमी पडलं.

शिसं वाढवलं. शेपटाची पट्टी उजवीकडे वाकवली. आता ते उजवीकडेच वळायला हवं होतं. ते पुन्हा डावीकडे वळलं.

मी नकाशे काढणारा माणूस आहे. गोष्ट समजेना की ती उलटी धरून बघायची मला सवय आहे. मी वळलो आणि तोंड दक्षिणेकडे करून विमान सोडलं. या वेळी ते उजवीकडे वळलं, अगदी हलकेच. शेवटी पूर्वेकडे, शहराकडे तोंड करून सोडलं. ते जरासं वर गेलं, पुरतं फिरलं आणि माझ्या डोक्यावरून परत मागे गेलं.

विमान डावीकडे वळू शकतं. उजवीकडे वळू शकतं. पंखात पीळ असेल, लाकूड ओलं असेल, हजार कारणं असतात. पण विमानाला अकोट्याकडे वळता येत नाही. अकोटा कुठे आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

वारा असेल, असं मी ठरवलं. पलीकडे कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता. त्याचा धूर काठीसारखा सरळ वर जात होता. तो मला दिसत होता आणि तरीही मी वारा असेल असंच ठरवलं.

५

पुढच्या रविवारी दुपारी मी घरातच पुरता पीळ भरून बघायचं ठरवलं. रबराला एरंडेल चोळलं. धरायला कुणी नव्हतं, म्हणून शेपटातून आरपार बांबूची काडी घातली आणि ती सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधली. खिडकीला प्रतिमाची जागा दिली, असं म्हणा हवं तर. मी तेव्हा तसं म्हणालोही, आणि हसलो.

रबर ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारापर्यंत गेलो आणि मूठ फिरवायला लागलो. ड्रिलची करकर आणि रबरात गाठी पडताना होणारी बारीक कट्‌कट्‌, एवढेच आवाज. मी खाली आकड्याकडे बघत होतो. आकडा सुटला तर बोट फुटतं, म्हणून तिकडेच बघायचं असतं. साठ झाले, सत्तर झाले. ऐंशीनंतर मी पाऊल पुढे टाकलं.

आणि पलीकडून झोक आला.

खिडकीचा गज झुकत नाही. सुतळी ताठ असते किंवा तुटते, तिसरं काही तिला येत नाही. हा झोक तसा नव्हता. कुणीतरी मागच्या टाचेवर हळूच भार घेतला होता, काड्यांना जपून. माझ्या मनगटाला तो ओळखीचा होता. मी इतका निवांत झालो की पुढचे वीसेक फेरे मी काही विचारच केला नाही. मी नुसता पीळ भरत पुढे गेलो, दहा वर्षं जात होतो तसा.

मग माझ्या अनवाणी पायाला काहीतरी लागलं. सुतळी. खिडकीच्या गजाची गाठ सुटून ती कधीच खाली पडली होती, माझ्या पायाशी, वळसे घेऊन.

मी मान वर केली नाही. डोळ्यांच्या वरच्या कडेला सांगाड्याचा लाल रंग दिसत होता, कमरेच्या उंचीवर, स्थिर. मी मोजणं सोडलं नाही. एकशे साठ झाले, नाक बसवलं, भिरभिऱ्यावर अंगठा दाबला आणि मग वर पाहिलं. मी विमान दोन्ही हातांत धरून खिडकीपुढे उभा होतो. दुसरं कुणी नव्हतं. केळ्याचा वास तेवढा येत होता, आणि रोगणाची बाटली तर महिन्यापूर्वीच संपली होती.

गाठ सैल पडली असेल. सुतळी पडण्यापूर्वी काडी गजात अडकली असेल. माझ्याकडे कारणांचा कधी तुटवडा पडला नाही.

अहल्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "आत कोण मोजत होतं?"

"मीच."

"तुमचा आवाज मला कळतो," ती म्हणाली. ती खिडकीजवळ गेली, जिथे धरणारा उभा राहतो तिथे जमिनीवर तिनं तळवा टेकवला आणि तशीच बसून राहिली. मला तिचा राग आला. भीती वाटली की मला राग येतो, हे माझ्याबद्दल तिला ठाऊक आहे.

"आता तरी जा," ती म्हणाली.

मी विमान घेऊन रानात गेलो.

६

त्या दिवशी मी ते कुठल्याच दिशेला तोंड करून सोडलं नाही. नुसता अंगठा काढला. ते हातातून गेलं, सरळ, खाली-वर न होता, बाभळींवरून, नदीवरून. पात्राच्या कडेला वाळूत मगर पडली होती, तिच्यावरून. एवढ्या रबरात फार तर पाऊण मिनिट दम असतो. मी घड्याळ काढलं होतं. दीड मिनिट झालं तरी भिरभिऱ्याची फरफर ऐकू येत होती. मग झाडांमागे ते दिसेनासं झालं.

आणि मी निघालो. मुलीसाठी मी चार महिन्यांत नदी ओलांडली नव्हती. चार आण्यांच्या लाकडासाठी ओलांडली. माझ्यापाशी आता निमित्त होतं ना! बोलावणं नको, मान नको, वस्तू हरवली म्हणून आलो म्हटलं की झालं.

दत्ताजीराव ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी उठून हसून स्वागत केलं. "या गोविंदराव. वाट चुकलात की काय? पाणी?"

"पाणी नको," मी म्हणालो. मुलीच्या सासरचं पाणी आम्ही पीत नाही. ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी विचारलं. "माझं एक खेळणं इकडे आलंय."

"खेळणं? या वयात?" ते पुन्हा हसले. "शोधायला सांगतो."

त्यांनी माळ्याला हाक मारली. तो बंगल्याच्या मागे गेला. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. आणि त्या कुरकुरीमागे, वर, माडीच्या मागच्या खोलीतून कट्‌कट्‌ ऐकू आली. बारीक, सावकाश, एकामागून एक. रबरात गाठी पडत होत्या. दुसऱ्या कशाचाही तसा आवाज होत नाही.

मी दत्ताजीरावांकडे पाहिलं. त्यांचा पाय झोपाळ्याला झोका द्यायचा थांबला होता. कड्या गप्प झाल्या आणि वरचा आवाज स्पष्ट झाला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते वर बघत नव्हते, मीही बघत नव्हतो. दोन कर्तेसवरते पुरुष अंगणातल्या तुळशीकडे बघत बसलो होतो.

"प्रतिमा..." मी म्हणालो.

"निजली आहे," ते घाईनं म्हणाले. "प्रकृती ठीक आहे. उठवणं बरं नाही."

मला म्हणता आलं असतं, उठवा. मला जिना चढता आला असता. अडवायला त्या वेळी तिथे एक घामेजलेला म्हातारा होता, बस. मी म्हणालो, "बरं, बरं. निजू द्या."

वरचा आवाज थांबला.

माळी परत आला. त्यानं विमान छातीशी धरलं होतं आणि भिरभिऱ्यावर अंगठा दाबून ठेवला होता. "साहेब, उपरनी बारीमां अटकेलुं हतुं," तो म्हणाला. "फरवा जाय छे. में तो पकडी राख्युं." वरच्या खिडकीत अडकलं होतं म्हणे, आणि फिरायला बघत होतं म्हणून त्यानं धरून ठेवलं होतं.

मी त्याच्या अंगठ्याजागी माझा अंगठा ठेवला. रबर काठोकाठ भरलेलं होतं. दीड मिनिट उडून, नदी ओलांडून आलेल्या विमानात एकशे साठ फेऱ्यांचा पीळ होता.

मी दत्ताजीरावांना नमस्कार केला आणि विमान घेऊन घरी आलो. वाटेत माझा अंगठा बधिर झाला. तरीही मी तो काढला नाही.

७

अहल्या जिन्यात उभी होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "हे आणलंत?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी फळीपुढे बसलो. पीळ हळूहळू सोडला. विमान दोऱ्यानं टांगलं. डावी बाजू धाडकन खाली गेली. उजव्या टोकाला एवढं शिसं होतं, तरी गेली. मी आणखी पत्रा कातरायला कात्री उचलली, आणि कात्री हातात असताना मला माझा आवाज ऐकू आला, आठ-नऊ वर्षांपूर्वीचा, एका लहान मुलीवर ओरडणारा. आधी उघड. का जड झाला ते बघ.

मी टोकाकडच्या तीन फासळ्यांवरचा कागद फाडला. खालून दुसरा कागद निघाला नाही. तिनं दुहेरी काही चढवलंच नव्हतं. वहीच्या कागदाच्या बारीक घड्या केलेल्या पट्ट्या फासळ्यांमध्ये बसवल्या होत्या, एकेक टाचणीनं अडकवून, कुठेही हलणार नाहीत अशा. पेन्सिलीनं लिहिलं होतं.

"आबा, तुम्ही तोलाल आणि उघडाल म्हणून इथे लिहिते आहे. मोठ्यानं बोलता येत नाही, त्या दाराशीच असतात. मला परत पाठवू नका. आईला आत्ता सांगू नका, ती रडेल आणि त्यांना कळेल. न्यायला येतील तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणा की प्रतिमा आठ दिवस राहील. एवढंच म्हणा. पुढचं मी सांगेन."

आबा, तोललात ना? हो. छान झालाय.

म्हणजे ती जिना उतरली तेव्हा तिला वाटत होतं की मी वाचलंय. वाचलं, घडी घातली, आणि तिला गाडीत बसवलं. पाया पडली ती त्या माणसाच्या.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोट्याला गेलो. या वेळी कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. बंगल्याला कुलूप होतं. मंडळी पहाटे यात्रेला गेली, माळी म्हणाला. किल्ली त्याच्याकडे होती. मी त्याच्यापुढे हात पसरला आणि त्यानं ती मुकाट्यानं दिली.

माडीवरची मागची खोली नुकतीच चुन्यानं रंगवलेली होती. चुना जुना झाला नव्हता, तरी वास चुन्याचा नव्हता. पिकल्या केळ्यांचा होता. खोलीत सामान नव्हतं. एकच खिडकी, नदीकडची, तिला गज. खिडकीतून नदीपलीकडचं आमचं रान स्वच्छ दिसत होतं, मी विमान सोडायला उभा राहतो ती जागाही.

गजाला, वरच्या बाजूला, सुतळीची गाठ होती. गाठीखाली सुतळी कापून टाकलेली. वरचं काढायला कुणाचा हात पोचला नसेल, किंवा कुणाला लावायचा नसेल. चुनेवाल्यानं तिच्यावरूनच कुंचला फिरवला होता.

मी गजाला सुतळी बांधली तेव्हा हसलो होतो.

माळी दारात उभा होता. मी विचारलं, "ताईसाहेब कुठे आहेत?"

"बेन?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच वेडा. "बेन तो देवदिवाळी पहेलां ज..." मग त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो जिना उतरून पळाला.

देवदिवाळीच्या आधीच. देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा. पाडव्यापासून पंधरा दिवस. प्रकृती ठीक, प्रकृती ठीक. मी किल्ली दाराला तशीच ठेवून आलो.

नंतर मी अर्ज केले, मोठमोठ्या लोकांच्या पायऱ्या झिजवल्या. बोलावणं नसताना. त्यातून काय निष्पन्न झालं ते सांगण्यासारखं नाही.

९

अहल्याला मी चिठ्ठी दिली. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, "सकाळी तिनं तुम्हाला विचारलं होतं ना? मी मागेच उभी होते."

"हो."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, कपडे धुते. बोलत नाही.

रविवारी दुपारी ती आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. विमान तिथेच आहे, एका पंखाच्या फासळ्या उघड्या. आता ते उडणार नाही. मी बाहेर बसतो. थोड्या वेळानं ड्रिलची करकर सुरू होते. अहल्याला ड्रिल नीट धरता येत नाही, फेरे अडखळत जातात. मोजणारा आवाज अडखळत नाही. तो तिचा नाही. कधी मध्येच दोघी हसल्याचंही ऐकू येतं. एकशे साठला करकर थांबते आणि केळ्याचा वास दाराच्या फटीतून बाहेर येतो.

एकदाच, अहल्या देवळात गेली असताना, मी आत गेलो. ड्रिल घेतलं, आकडा अडकवला. सांगाडा खिडकीपाशी जमिनीवर ठेवला आणि रबर ओढत दारापर्यंत जायला निघालो. मान खाली घातली होती. "प्रतिमा, धर," मी म्हणालो.

रबर ताणलंच नाही. विमान जमिनीवरून खरडत, उघड्या फासळ्या मोडत माझ्या मागोमाग दारापर्यंत आलं.

मी ते उचलून परत जागेवर ठेवलं. मोडलेल्या फासळ्या संध्याकाळी अहल्यानं पाहिल्या आणि हात पुढे करून सरसाची नळी मागितली, ती मी दिली.